नक्राच्या घरीं

गेल्या महिन्यांत एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या ओटीवर मोठा वाद झाला. आमचें कुटुंब एकत्र आहे. एका पंगतीस तेरा पानें मांडावीं लागतात आणि कोणत्याहि प्रश्नावर मतेंहि तेराच पडतात, हें अशाच घरांत वाढलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. वादाचें कारण माझ्या धाकट्या बंधूची नात. ती कॉलेजांत शिकते. नाताळच्या सुटींत चार मैत्रिणींसह गोव्यास जावें आणि तेथें दिवाडी बेटाच्या आसपास मांडवीच्या पाण्यांत 'कयाक' चालवावी, असा तिचा बेत. कयाक म्हणजे एक अरुंद, निमुळतें होडकें. माणसानें त्यांत पाय लांबवून बसावें आणि दोन्ही टोकांस पातीं असलेलें एकच वल्हें आळीपाळीनें डावीकडे उजवीकडे मारीत जावें. उत्तर ध्रुवाकडील लोकांनीं शिकारीसाठीं कातड्याची अशी होडी प्रथम बनविली. आतां ती प्लॅस्टिकची होते आणि करमणुकीच्या कामीं येते. हिचीच एक बहीण 'कॅनू'. ती वरून उघडी असते आणि तिचें वल्हें एकपाती असतें.

पुरुषमंडळींचे आक्षेप खर्चाविषयीं होते, ते लवकरच मिटले. खरा आक्षेप काढला मुलीच्या आजीनें. तिचें माहेर फोंड्याकडचें. ती म्हणाली, "कुंभारजुव्याच्या खाडींत मगर आहेत. आम्ही लहानपणापासून ऐकत आलों."

"अगं आजी, मगर होडीवर येत नाहीं. सगळ्यांना ठाऊक आहे हें," असें म्हणून मुलगी माझ्याकडे वळली. "होय ना, आजोबा?"

निवृत्त शिक्षकाला कोणीं 'होय ना' असें विचारलें कीं त्याच्या तोंडून सहसा 'होय' निघत नाहीं. परंतु त्या रात्रीं मी थबकलों तो केवळ संवयीनें नव्हे. नेमकें हेंच वाक्य मनांत बाळगून एक मोठी विदुषी एका नदींत शिरली होती, आणि त्याचा परिणाम काय झाला तें मीं थोड्याच दिवसांपूर्वीं वाचलें होतें. माझ्या पुतण्यानें तिचा इंग्रजी लेख मला आणून दिला होता. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. कोश उशाशीं ठेवून तीन दिवसांत तो मीं संपविला. उठून आंतून तीं पानें आणलीं आणि सर्वांस बसवून ती हकीकत सांगितली. तीच येथें थोड्या विस्तारानें देतों.

या विदुषीचें नांव व्हॅल प्लमवुड. जन्म १९३९ चा, ऑस्ट्रेलियांत. प्लमवुड हें त्यांचें माहेरचेंहि आडनांव नव्हे आणि सासरचेंहि नव्हे. ज्या डोंगरावर त्यांनीं आपल्या पतीसह दगडांचें घर बांधलें, त्या डोंगराचें हें नांव, आणि डोंगरास तें मिळालें तेथील एका वृक्षावरून. विषय तत्त्वज्ञानाचा. १९७३ सालीं या पतिपत्नींनीं आपल्या देशांतील अरण्यांच्या रक्षणासाठीं एक ग्रंथ लिहिला. मनुष्य हा सृष्टीहून निराळा व तिचा धनी आहे, ही समजूतच मुळांत चुकीची आहे, असें प्लमवुडबाईंचें प्रतिपादन. त्या शाकाहारी होत्या, हेंहि आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

१९८५ च्या फेब्रुवारींत त्या ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोंकास काकाडू नांवाच्या राष्ट्रीय उद्यानांत गेल्या होत्या. तेव्हां त्यांचें वय पंचेचाळीस. दक्षिण गोलार्धांतील त्या भागांत फेब्रुवारी म्हणजे ऐन पावसाळा. तेथील नदीचें नांव 'ईस्ट ॲलिगेटर'. या नांवांत एक गंमत आहे. ॲलिगेटर हा प्राणी अमेरिकेंत आणि चीनमध्यें सांपडतो, ऑस्ट्रेलियांत मुळींच नाहीं. १८२० च्या सुमारास त्या किनाऱ्याची पाहणी करणाऱ्या फिलिप पार्कर किंग या इंग्रज नाविकानें नदींतील मगरांस ॲलिगेटर समजून हें नांव देऊन टाकलें, आणि चूक नकाशावर कायमची बसली. वस्तुतः तेथें राहतो तो खाऱ्या पाण्यांतला मगर. जगांतील सरपटणाऱ्या प्राण्यांत हा सर्वांत मोठा. नर सहा मीटरपर्यंत वाढतो. आपल्याकडे ओरिसाच्या भितरकनिकेंत आणि सुंदरबनांत आहे तो हाच. आपल्या कृष्णेंतला किंवा सावित्रींतला मगर गोड्या पाण्यांतला. तो याच्या मानानें लहान, पण गरीब समजूं नये.

उद्यानाच्या एका रक्षकानें बाईंस चौदा फुटी कॅनू उसनी दिली आणि बजावून सांगितलें कीं, आडबाजूच्या संथ पाण्यांत हवें तितकें हिंडा, मुख्य नदीच्या प्रवाहाकडे मात्र जाऊं नका. तेथें ओढ फार, आणि मगरहि पुष्कळ. पहिला दिवस कमळें, पक्षी आणि स्वच्छ निळें पाणी यांत आनंदांत गेला. दुसऱ्या दिवशीं पलीकडच्या बाजूस असलेलीं आदिवासींचीं प्राचीन शैलचित्रें पाहावीं म्हणून त्या एकट्याच निघाल्या. रिमझिम होती, तिचा मुसळधार पाऊस झाला. चित्रें सांपडेनात. दुपारीं होडी कडेस लावून ओल्या अंगानेंच त्यांनीं फराळ केला. तेव्हां आपल्याकडे कोणी पाहत आहे असा भास त्यांस झाला. तरी त्या परतल्या नाहींत. शोध घेत घेत एका फांट्यानें त्या पुढें गेल्या, तों समोर मुख्य नदीच आली. नेमकी जेथें जाऊं नका म्हणून सांगितलें होतें ती जागा.

तेथें त्यांनीं एक विलक्षण दृश्य पाहिलें. एका लहानशा दगडावर एक प्रचंड शिळा कशीबशी तोललेली होती. तें पाहून आपलेंहि जीवित असेंच तोललेलें आहे असें त्यांस वाटलें, आणि त्यांनीं होडी वळविली.

परतीच्या वाटेवर पांचदहा मिनिटेंच झालीं असतील. प्रवाहाच्या मधोमध एक ओंडका तरंगतांना दिसला. येतांना तो पाहिल्याचें आठवेना. जवळ जातां जातां त्या ओंडक्यास डोळे दिसूं लागले. तरी बाई फारशा घाबरल्या नाहींत. होडीवर मगर चाल करीत नाहीं, अशीच समजूत. वल्हें मारून त्यांनीं त्यास बाजूस टाकण्याचा प्रयत्न केला, परंतु दोघांच्या वाटा एकमेकींस येऊन मिळाल्या. मगराची पहिली धडक बसली. मग दुसरी, तिसरी. उसनी आणलेली हलकी होडी ती! किती टिकणार? कांठ उंच, निसरड्या चिखलाचा. पाण्यावर झुकलेलें एक झाड तेवढें दिसलें. होडी तिकडे नेऊन त्या उभ्या राहिल्या, हात हालवून ओरडल्या, आणि उडी घेण्याच्या बेतांत असतां मगर अगदीं होडीस भिडून वर आला. त्याचे सोनेरी ठिपक्यांचे सुंदर डोळे आपल्या डोळ्यांस भिडले, असें त्या लिहितात. 'सुंदर' हा शब्द त्यांचाच आहे, माझा नव्हे.

उडी घेतली, पण फांदी हातीं येण्यापूर्वींच पाण्यांतून जबडा उसळला आणि कमरेखालीं मांड्यांच्या मध्यें धरून त्यानें त्यांस खालीं ओढलें.

पुढें जें झालें तें समजण्यास मगराची शरीररचना थोडी ध्यानांत घ्यावी लागते. त्याचे दांत शंकूसारखे; ते धरण्याच्या उपयोगाचे, चावून बारीक करण्याच्या नव्हेत. जबडा मिटण्याची शक्ति अचाट. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत या जातीच्या मगराच्या चाव्याचा जोर सोळा हजार न्यूटनांहून अधिक भरला, म्हणजे दीड हजार किलोंहून अधिक भार. उलट जबडा उघडणारे स्नायू इतके दुबळे कीं, मिटलेलें तोंड माणसास चिकटपट्टीनें बांधून ठेवतां येतें. मोठें भक्ष्य धरल्यावर तो स्वतःच्या अंगाभोंवतीं गरगर फिरतो. त्यानें भक्ष्याचा प्रतिकार मोडतो, तें बुडतें, आणि लचकाहि निघतो. इंग्रजींत यास मृत्यूची गिरकी म्हणतात. परंतु ही शक्ति क्षणांची आहे. थंड रक्ताच्या या प्राण्यास दीर्घ श्रम सोसत नाहींत. थोड्याच वेळांत तो थकतो आणि त्यास विसांवा घ्यावा लागतो.

प्लमवुडबाईंनीं अशा तीन गिरक्या सोसल्या. तीन गिरक्यांतून जिवंत परतलेलें माणूस विरळाच. पहिली थांबली तेव्हां डोकें पाण्यावर आलें, श्वास मिळाला, तोंच दुसरी. ती थांबली तेव्हां पाण्यांत वाढलेल्या एका रानउंबराची जाड फांदी हातीं लागली. ती त्यांनीं घट्ट धरली, देहाचे तुकडे झाले तरी बेहत्तर, पण पुन्हां त्या गुदमरविणाऱ्या अंधारांत जावयाचें नाहीं, अशा निश्चयानें. त्या वेळीं मगर गुरगुरत आहे हें त्यांच्या प्रथम लक्षांत आलें. मग एकाएकीं जबडा सैल पडला. सुटल्याबरोबर त्यांनीं पुन्हां त्याच झाडावर उडी घेतली, आणि पुन्हां तेंच! या खेपेस डावी मांडी. तिसरी गिरकी. आतां सुटका नको, शेवट लवकर होवो, म्हणून त्यास चिडविण्यासाठीं त्यांनीं हात मागें नेऊन त्याच्या डोक्यावरील दोन खळग्यांत अंगठे खुपसले. त्यानें दादहि दिली नाहीं. त्यांनीं पुन्हां उंबराची फांदी धरली, आणि कांहीं वेळानें जबडा पुन्हां सैल पडला. मग समोरच्या चिखलाच्या चढांत बोटें रोंवीत रोंवीत त्या वर आल्या.

पुढील भाग येथें लवकर सांगतों, कारण आमच्या ओटीवरहि बायकांनीं 'पुरे' म्हटलें. कपडे फाडून त्यांनीं जखमा बांधल्या, मांडी आवळून रक्त थांबविलें, आणि तासन्‌तास पावसांतून चालत, मग रांगत, रक्षकांच्या ठाण्याच्या दिशेनें आल्या. मध्यें पाण्यानें भरलेली दलदल आली. तेथें पडून राहिल्या. रात्र झाली. बाई परतल्या नाहींत म्हणून रक्षक शोधावयास निघाला आणि त्यानें त्यांच्या हांका ऐकल्या. त्या पडून होत्या ती जागा दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहा फूट पाण्याखालीं गेली होती. पुराच्या वाटांनीं त्यांस अडीचशे किलोमीटरांहून दूर डार्विन येथील रुग्णालयांत नेलें. महिनाभर त्या अतिदक्षता विभागांत होत्या.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं ही हकीकत लिहावयास घेतली ती सांगतों. त्या रात्रीं अशा अवस्थेंत नेत असतां, दुसऱ्या दिवशीं नदीवर जाऊन मगर मारावा, असें कांहीं मंडळींचें बोलणें त्यांच्या कानीं पडलें. त्यांनीं जोरानें विरोध केला. म्हणणें असें कीं, आगंतुक मी होतें. कोणत्या तरी मगरास गोळी घालून सूड उगविण्यांत कांहींहि अर्थ नाहीं.

आमच्या घरांत येथें पुन्हां वाद माजला. एक पुतण्या म्हणाला, "ही अतिशयोक्ति झाली. माणसाला चटावलेलें जनावर मारलेंच पाहिजे." मला मात्र आपल्या ग्रंथांतील नक्र एकेक करून आठवूं लागले. महाभारतांत गंगेंत स्नान करतांना द्रोणाचार्यांचा पाय ग्राहानें धरला. बाकीचे शिष्य भांबावून उभे राहिले, अर्जुनानें पांच बाण मारून त्या ग्राहाचे तुकडे केले आणि गुरूकडून अस्त्र मिळविलें. (सदतीस वर्षांच्या नोकरींत माझ्या शिष्यांची अशी परीक्षा पाहण्याचा योग आला नाहीं, हें त्यांचेंहि भाग्य आणि माझेंहि.) आद्य शंकराचार्यांची कथा सर्वांस ठाऊक आहे. कालडीस पूर्णा नदींत मगरानें पाय धरला, मातेनें संन्यासास अनुमति दिली, आणि पाय सुटला. तेथें मगरास कोणीं मारल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि भागवताच्या अष्टम स्कंधांतील गजेंद्र. उन्हानें तापलेला तो गजराज आपल्या कळपासह सरोवरांत शिरतो, पाणी पितो, आणि मग तेथें क्रीडा करीत राहतो. तहान भागल्यावर तो परतला असता तर? ही शंका मीं वर्गांत कधीं काढली नव्हती. प्लमवुडबाईंचा लेख वाचून ती सुचली. सरोवर ग्राहाचें घर होतें, आणि गजेंद्र तेथें खेळत होता. भगवंतांच्या चक्रानें ग्राहाचें तोंड फाटलें खरें, परंतु मुक्त झाला तो एकटा गज नव्हे. तो ग्राहहि शापांतून सुटून पुन्हां हूहू नांवाचा गंधर्व झाला. आपण कीर्तनांत गजेंद्राचा धांवा रंगवितों आणि हा उत्तरार्ध घाईनें उरकतों. भागवतांत असेंहि आहे कीं, झुंज लांबली तसा गजाचा जोर ओसरला आणि जलचराचा वाढत गेला. खऱ्या मगराचें याच्या उलट होतें, तें वर आलेंच आहे. शास्त्र आणि पुराण यांची ओढूनताणून सांगड घालण्याची मला हौस नाहीं.

दुसरी गोष्ट यापेक्षां अंतर्मुख करणारी. मगराच्या तोंडांत असतां बाईंच्या मनांत प्रथम काय आलें? हें खरें नव्हे. मी माणूस आहें, मी कोणाचें अन्न कशी असेन? आणि मग कळलें कीं, आपण अन्नहि आहों. ज्या जगांत आपण नायक असतों तें जग नाहींसें झालें आणि आपली यत्किंचितहि पर्वा न करणारें दुसरेंच जग दिसलें, असें त्यांनीं वर्णिलें आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीच्या शेवटीं ज्ञानी पुरुष आपण अन्न आहों आणि अन्न खाणाराहि आहों असें आनंदानें गातो. तें मीं लहानपणीं पाठ केलें, पुढें चाळीस वर्षें म्हणत आलों. परंतु त्यांतल्या दुसऱ्या अर्धाचाच अनुभव रोज दोन वेळां घेतला. पहिला अर्ध माझ्यापुरता शब्दच राहिला होता. त्या बाईंनीं उपनिषद वाचलें होतें किंवा कसें हें लेखांत नाहीं. पण तो अर्ध त्यांना नदीनें शिकविला.

वृत्तपत्रांस अर्थात् यांतलें कांहीं नको होतें. त्यांनीं मगरास राक्षस केलें आणि बाईंस असहाय अबला. १९८६ सालीं, म्हणजे पुढच्याच वर्षीं, 'क्रोकोडाइल डंडी' हा चित्रपट आला. त्याचें कांहीं चित्रण काकाडूंतच झालेलें. त्यांत पाण्याच्या कांठीं मगराच्या तावडींत सांपडलेल्या बाईस एक शूर पुरुष वांचवितो. खऱ्या बाईस कोणीं सोडविलें नव्हतें; त्या स्वतः चिखलांत बोटें रोंवून वर आल्या होत्या. या गदारोळामुळेंच कीं काय, सविस्तर हकीकत प्रसिद्ध करण्यास त्यांनीं सुमारें दहा वर्षें लावलीं. त्या २००८ सालीं अर्धांगाच्या झटक्यानें आपल्या डोंगरावरील घरीं वारल्या. तेव्हांहि कांहीं पत्रांनीं प्रथम सर्पदंशाची वार्ता दिली. अरण्यांत राहणारी बाई साध्या रोगानें मरावी, हें जणूं त्यांस रुचेना.

परंतु पुतण्याच्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या त्या प्रांतांत कातड्यासाठीं मगरांची इतकी कत्तल झाली कीं १९७१ सालीं संरक्षण मिळालें तेव्हां सुमारें तीन हजारच उरले होते. आज ते एक लाखाच्या घरांत आहेत. आपल्याकडेहि १९७२ चा वन्यप्राणी कायदा आणि १९७५ पासूनची मगर-संवर्धनाची योजना यांमुळें जात टिकली. पण सांगली जिल्ह्यांत भिलवडी, औदुंबर या बाजूस कृष्णेच्या कांठीं राहणाऱ्यांस विचारा. तेथें मगरांनीं माणसें नेलीं आहेत. तीं माणसें होडींतून मौजेसाठीं गेलेलीं नव्हतीं. कोणी पंप पाहावयास, कोणी धुणें धुवावयास, कोणी गुरें पाण्यावर न्यावयास उतरलेलें. ज्या घरचें पोर असें गेलें, त्या घरीं जाऊन 'आगंतुक तुम्हीच' असें सांगण्याचें धाडस मला होणार नाहीं, आणि कोणीं करूंहि नये. प्लमवुडबाईंनीं क्षमा केली ती स्वतःच्या जखमांबद्दल. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल क्षमा करण्याचा अधिकार त्यांनीं सांगितला नाहीं. तेथें घाटास जाळी लावणें, पाण्यांत उतरावेंच लागूं नये अशी सोय करणें, हीं सरकारचीं आणि गांवचीं कामें आहेत.

हें मीं बोलत होतों तों मुलीची आजी मध्येंच म्हणाली, "आमच्याकडे पौषांतल्या अवसेला चिखलाचा मगर करून पूजतात." ती 'मांगें थापणी' म्हणजे जुवारीच्या बाजूच्या कांहीं गांवांतील चाल. कोंकणींत मगरास मानगें म्हणतात. खाजणशेतीच्या बांधांवर चिखलाची आकृति थापून तिला नैवेद्य दाखवितात, आणि माणसांस व गुरांस त्रास देऊं नको म्हणून विनवितात. माझ्या भावजयीला त्या घरांत येऊन पंचेचाळीस वर्षें झालीं. ही गोष्ट तिनें त्या रात्रीं प्रथम सांगितली.

वादाचा निकाल असा लागला. मुलीनें दुसऱ्या दिवशीं होडीवाल्यास दूरध्वनि केला आणि सर्वांसमक्ष त्यास पांच प्रश्न विचारले. ते मीं तिला लिहून दिले होते. त्यानें उत्तर दिलें कीं, कुंभारजुव्याच्या खाडींत मगर आहेतच, तिकडे तो कयाक नेत नाहीं. भरतीओहोटी पाहूनच निघतो, आणि पुढें त्याची होडी असते, तिच्या पुढें कोणीं जावयाचें नाहीं. शेवटची अट मीं तिच्याकडून दोनदां वदवून घेतली. मग आजीनें लाडवांचा डबा काढला, म्हणजे परवानगी मिळाली असें समजावयाचें.

रात्रीं दिवे मालवतांना तीच मला म्हणाली, "भावोजी, त्या मगराचें पुढें काय झालें?"

मीं सांगितलें, त्याला शोधून मारल्याचें लेखांत कोठें नाहीं. ती जात सत्तर वर्षें जगते म्हणतात. तेव्हां असेलहि अजून त्याच नदींत.

"असूं दे बापडा," ती म्हणाली, आणि ओटीचें दार लावून घेतलें.